उचललेला सूर

मावशी उभ्याच राहिल्या. “बसा ना,” ती दोनदा म्हणाली, तिच्या नवऱ्यानंही वर्तमानपत्रातून डोकं बाहेर काढून “अहो, बसा की” म्हटलं, तरी त्या सोफ्याच्या कडेशी, हातातली प्लास्टिकची पिशवी पोटाशी धरून उभ्याच राहिल्या. “बरी आहे,” एवढंच म्हणाल्या. रविवारची सकाळ होती, खिडकीतलं ऊन फरशीवर पसरलं होतं, आणि काय खटकतंय ते तिला काही केल्या कळेना. मावशी अडीच वर्षांनी भेटत होत्या. केस थोडे पांढरे झाले होते, बाकी काही बदललं नव्हतं. तरी काहीतरी जागेवर नव्हतं, ओळखीच्या खोलीतलं घड्याळ बंद पडल्यावर वाटतं तसं. मग नवरा आंघोळीला म्हणून उठून गेला, दोघीच राहिल्या, आणि त्या शांततेत तिला उमगलं. मावशींनी विचारलं नव्हतं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या ती सहा वर्षं या बाईनं रोज, दिवसातून तीन-चारदा, अंग पुसून झालं, चादर बदलून झाली, औषध पाजून झालं, की एकाच सुरात एकच वाक्य विचारलं होतं: “मी जरा बसू?” आता ते त्यांना विचारता येत नव्हतं. सगळ्या देशाला ते पाठ झालं होतं. आणि देशाला ते कुणी शिकवलं, हे या खोलीतल्या दोघींपैकी एकीला तरी नक्की माहीत होतं.

तिचं काम उच्चारांचं. स्टुडिओत तिला कुणी नावानं हाक मारत नसे, उच्चारबाई म्हणत. नटानं खाणीतला मुकादम करायचा असो की जहाजावरचा खलाशी, त्या माणसाचा आवाज छातीतून येतो की नाकातून, तो श्वास कुठं घेतो, कुठला शब्द गिळतो, हे ती शोधून काढायची आणि नटाच्या तोंडात घालायची. तीन वर्षांपूर्वी एक लेखक तिच्याकडे नव्या विनोदी मालिकेचं बाड घेऊन आला. त्याला सगळे दाढी म्हणत, तोही स्वतःला फोनवर ‘दाढी बोलतोय’ असंच सांगे. मालिकेचं नाव ‘चार खुर्च्या’. एक घरमालक असतो, रोज सकाळी उठून घरातल्या खुर्च्या मोजणारा. एके दिवशी बाहेरच्या देशातून आलेला एक माणूस दारात येतो, जरा टेकू का म्हणतो, आणि मालकाची झोप उडते. तो फ्रिजला कुलूप लावतो, खिडक्यांना गज ठोकतो, शेवटी स्वतःच आत कोंडला जातो. त्या वर्षी तो नेता नुकता पुढं येत होता. देश म्हणजे घर आणि मी या घरचा धनी, असं तो सभेसभेत सांगे, त्यामुळं त्याला घरधनीच म्हणायला लागले होते लोक. “हसायचंय ते मालकाला,” दाढी म्हणाला. “पाहुणा नुसता आरसा आहे. पण त्याचा आवाज खरा पाहिजे. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की हो, हे लोक असंच बोलतात.” ती म्हणाली, आणते.

तिनं तो घरातूनच आणला. दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की मावशी मोकळ्या असायच्या. “माझ्या अभ्यासासाठी हवंय, मावशी, तुम्ही आपलं काहीही बोला,” असं म्हणून तिनं औषधांच्या ट्रेवर, कफाच्या बाटलीला टेकवून रेकॉर्डर ठेवला. अभ्यासासाठी. शब्द तसा खोटा नव्हता, हे पुढं तिनं स्वतःला किती वेळा सांगितलं असेल. मावशींनी आधी त्या यंत्राकडे झुरळाकडे बघावं तसं बघितलं, मग सवय झाली. त्या बोलत गेल्या. मुलीला तिकडे, त्यांच्या देशात, आजीकडे कसं ठेवलंय, बस चुकली की किती चालावं लागतं, सासूबाईंची उशी कशी दगडासारखी आहे. चौदा रेकॉर्डिंगं झाली. ती कानाला लावून ऐकताना तिला सापडलं की या बोलण्याचं सगळं मर्म वाक्याच्या शेवटात आहे. शेवटचा शब्द खाली उतरतच नाही, वर उचलला जातो. साधी गोष्ट सांगतानाही. “बस चुकली?” “आज उकडतंय?” “मला एक मुलगी आहे?” म्हणजे मुलगी असायला कुणाची हरकत नाही ना, असंच विचारत असाव्यात. तिनं वहीत लिहिलं: तिकडच्या बोलीचं लक्षण – विधानाला प्रश्नाचा सूर. खाली दोन रेघा ओढल्या. तेव्हा झालेला आनंद तिला अजून आठवे, तळहाताला आलेल्या घामासकट. आठवला की उठून तोंड धुवावंसं वाटे.

नट गुणी होता. कानात मावशींचा आवाज घालून तो आठ दिवस बसमधून नुसता फिरला आणि सूर घेऊन आला. शिवाय त्यानं आणखी एक गोष्ट उचलली होती, जी तिच्याही ध्यानात आली नव्हती. वाक्याआधीची एक छोटीशी जागा. रेकॉर्डिंगमध्ये मावशी बोलण्याआधी थांबत, कारण पलीकडे सासूबाईंचा श्वास घरघरत असे, मध्येच तुटे, तो परत लागला की मगच त्या तोंड उघडत. नटाला श्वास ठाऊक नव्हता, फक्त थांबणं ठाऊक होतं. पहिल्या भागाच्या वेळी समोर दीडशे प्रेक्षक बसवले होते. पाहुणा दारात आला, थांबला, एक श्वासभर, आणि म्हणाला, “मी जरा बसू?” दीडशे माणसं अशी हसली की दाढीनं काचेच्या खोलीत तिचा हात धरला. तीही हसली. सासूबाईंना जाऊन त्या दिवशी एक महिना झाला होता. ज्या श्वासासाठी ती जागा सोडलेली होती तो थांबला होता, आणि त्याच रिकाम्या जागेवर लोक हसत होते, हे तिला तिथंच, त्या क्षणीच कळलं होतं. नंतर कळलं असं म्हणायची सोय तिला नव्हती.

पहिलं वर्ष छान गेलं. घरधन्याची इतकी बिनपाण्यानं आजवर कुणी केली नव्हती, असं वर्तमानपत्रांनी लिहिलं, बक्षिसं मिळाली. पण लोकांनी मालकाला डोक्यावर घेतलंच नाही, घेतलं ते पाहुण्याला, आणि तेही हसायला. दुसऱ्या वर्षी मालक हळूहळू समजूतदार होत गेला, पाहुणा खादाड आणि लबाड. मग एका सभेत, मैदान माणसांनी फुललेलं असताना, घरधनी बोलता बोलता थांबला. एक श्वासभर. आणि त्यानं तो सूर काढला. मी जरा बसू? सगळं मैदान एका आवाजात म्हणालं, ऊठ. त्यानंतर ते प्रत्येक सभेत झालं. मग टोप्यांवर आलं, गाड्यांच्या मागच्या काचांवर आलं, मधल्या सुट्टीतल्या मुलांच्या खेळात आलं. टीव्हीवर ती सभा बघताना नवरा म्हणाला, “जमलंय हं त्याला.” आणि तिच्या मनात जो पहिला विचार आला तो असा होता की नाही, शेवटची चढण जरा जास्तच झाली. त्या विचाराला तिनं लगेच झिडकारलं. पण आला होता तो आला होता.

आता मावशींनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. नवा नियम झाला होता. बाहेरून आलेल्या प्रत्येकाची, राहायला कितीही वर्षं झालेली असोत, परवान्यासाठी पुन्हा मुलाखत. भाषा नीट येते का ते बघणार, आणि ओळख द्यायला इथला एक माणूस सोबत हवा. “तुमचं नाव देऊ का, ताई,” त्या म्हणाल्या. ‘ताई’ वर जायला लागला तसा त्यांनी ओठ मिटून तो मध्येच दाबला. मग त्या तुटक तुटक सांगत राहिल्या. हल्ली त्या एका रुग्णालयात होत्या, वॉर्डमध्ये. पेशंटना स्पंज करायचं, कपडे बदलायचे. तिथं बोलणं बंद केलं होतं.

“का?” तिनं विचारलं. माहीत असून विचारलं.

“एकाची पाठ पुसत होते. म्हटलं, कुशीवर होता का. तर म्हणाला, ऊठ. शेजारच्या खाटा हसल्या. भेटायला आलेली माणसं हसली. सलाईन लागलेला एक म्हातारा होता, तोसुद्धा.” मावशी हे सांगताना खिडकीकडे बघत होत्या. “तेव्हापासून खुणा करते. आता कुणीतरी तक्रार दिलीय, ही बाई उद्धट आहे, बोलत नाही. पण मुलाखतीत खुणा कशा चालतील. तुम्ही बोलायला शिकवता ना. मला इथल्यासारखं बोलायला शिकवा. तीन आठवडे आहेत.”

ती हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती. मंगळवारी आणि शुक्रवारी, वॉर्डची पाळी संपली की मावशी येत, आणि दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसत. बसायला तिनंच त्यांना खांद्याला धरून बसवलं. “वाक्य संपत आलं की हात असा टेबलावर ठेवायचा,” ती म्हणाली. “हाताबरोबर आवाज खाली आणायचा. जिना उतरतो तसं. शेवटच्या पायरीवर पाय टेकला पाहिजे.” मावशी हात उचलत आणि ठेवत. मी इथं अकरा वर्षं राहते. मी रुग्णालयात काम करते. मला एक मुलगी आहे. पहिल्या आठवड्यात हात खाली यायचा आणि आवाज वरच राहायचा, पाळण्याची दोरी सुटल्यासारखा. दुसऱ्या आठवड्यात आवाज उतरायला लागला. मन लावून शिकत होत्या त्या. तिनं एवढा चांगला विद्यार्थी स्टुडिओतही पाहिला नव्हता, आणि शिकवताना तिला एक विचित्र गोष्ट जाणवत होती, की आपले हात नेहमीच्या सफाईनं काम करताहेत. नटाच्या तोंडात जे टाका टाका घालून शिवलं, तेच आता या तोंडातून उसवत होते, आणि दोन्ही कामं तिला सारखीच येत होती. मध्येच एखादं वाक्य छान खाली उतरलं की ती म्हणायची, “वा.” मग त्या शब्दाची तिलाच किळस यायची.

ही विद्या लहानपणापासूनची. तिच्या एका आत्याचं तोंड अर्धांगानं डावीकडे ओढलं गेलं होतं, ‘प’ आणि ‘ब’ तिच्या ओठांतून फुसकन निसटत. सात वर्षांची असताना एका जेवणाच्या वेळी, सगळं घर जमलेलं असताना, तिनं आत्याची नक्कल केली. घर हसून लोळलं. आत्या सगळ्यात जास्त हसली, तोंडावर हात धरून. बाबांनी पाठ थोपटली, काय कान आहे पोरीचा, म्हणाले. पुढच्या सुट्टीत आत्या पंगतीत नुसती मान हलवत होती. हो-नाहीसुद्धा मानेनंच. त्यानंतर आत्याचं बोलणं ऐकल्याचं तिला आठवत नाही. आपण केलेली नक्कल मात्र शब्दन् शब्द आठवते. खरा आवाज कसा होता ते कितीही आठवायचं म्हटलं तरी कानाशी येतो तो तिचाच, सात वर्षांच्या मुलीचा, तोंड वाकडं करून काढलेला. कुणाला विचारावं, तर घरात ते ऐकलेलं आता कुणी उरलेलं नाही.

सांगून टाकावं, असं तिनं प्रत्येक मंगळवारी ठरवलं. मावशी, तो अभ्यास नव्हता. तो पाहुणा तुमच्या आवाजात बोलतो. वाक्य तयार होतं, तिनं ते न्हाणीघरात नळ सोडून म्हणूनही पाहिलं होतं. पण मावशी हात उचलून बसलेल्या असत, पुढचं वाक्य काय म्हणून बघत, आणि तिला वाटे, आता सांगितलं तर या उठून जातील आणि मुलाखत राहील. मुलाखत झाली की सांगू. हे कारण इतकं चोख होतं की त्यावर तिचा विश्वास बसेना. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “त्या सभेत तू थोडीच होतीस. आणि आता शिकवतेयस ना त्यांना. फिटलं की.” एका दुपारी तिनं ती चौदा रेकॉर्डिंगं पुसून टाकली. एकेक करत. चौथ्यात सासूबाई झोपेत काहीतरी म्हणाल्या होत्या, ते तिनं थांबून दोनदा ऐकलं आणि मग तेही पुसलं. झाल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं. उलट, चोरी केलेल्या घराचं दार आतून धुऊन काढल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती दाढीकडे गेली. तो स्टुडिओच्या कँटीनमध्ये पुढच्या भागाची पानं समोर घेऊन बसला होता.

“पाहुण्याचा तो सूर काढून टाकू या,” ती म्हणाली.

“मग पाहुण्यात राहील काय?”

“माणूस राहील.”

दाढीनं चष्मा काढून पानांवर ठेवला. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं हे तिनं पहिल्यांदाच पाहिलं. “आपण मालकावर आणि त्याच्यासारख्या सगळ्यांवर हसत होतो,” तो म्हणाला, “तुला माहीत आहे, मला माहीत आहे. पण समोर बसणाऱ्याला माहीत नाही, त्याला काय करू. मी मालकाला तोंडावर आपटतो, तर लोक म्हणतात, बिचाऱ्यावर काय वेळ आणली बघा त्या उपऱ्यानं. चॅनेल म्हणतं, सूर काढलात तर मालिका बंद. साठ माणसं घरी बसतील.” त्यानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. “आणि एक सांगू? मी लिहिलेलं कुणाला आठवत नाही. एक वाक्य येतं का कुणाला माझं? तू ऐकवलंस तेवढंच लोकांच्या कानात राहिलं.” त्याला ते दुखवायला म्हणायचं नव्हतं, बहुधा कौतुकच करायचं होतं. ती उठली. जाताना कुठल्याशा टेबलावरून कुणीतरी सवयीनं म्हणालं, “बाई, मी जरा बसू?” आणि सगळे हसले, आणि तिच्या चेहऱ्यावरही, आपोआप, हसू आलं.

मुलाखत गुरुवारी अकराला होती. जमिनीत बोल्ट मारून बसवलेल्या खुर्च्यांच्या रांगा, भिंतीवर आकड्यांचा पडदा, आणि त्या आकड्यांकडे बघत बसलेली दोनशे माणसं. कुणी बोलत नव्हतं. एवढी माणसं एकत्र आणि एवढी शांतता तिनं कधी अनुभवली नव्हती. आया लहान मुलांनाही खुणांनीच गप्प करत होत्या. त्या रांगांवरून नजर फिरवताना तिला वाटलं की या प्रत्येकाला आपली ओळख पटेल, कुणीतरी उठून बोट दाखवेल. कुणीही तिच्याकडे पाहिलं नाही. मावशींचे हात मांडीवर होते आणि उजवा हात मधूनमधून जरासा उचलला जाऊन खाली येत होता. त्या मनात वाक्यं म्हणत होत्या.

आतला अधिकारी पन्नाशीचा, नीटनेटका, चांगल्या स्वभावाचा वाटला. त्यानं मावशींना पाणी हवं का विचारलं. मग म्हणाला, “सकाळी उठल्यापासून दिवसभर काय करता, तुमच्या शब्दांत सांगा.” मावशींनी हात टेबलावर ठेवला. “मी पाचला उठते. सहाची बस धरते. सातला वॉर्डमध्ये जाते. आधी चादरी बदलते.” एकेक वाक्य पायऱ्या उतरून खाली येत होतं, न घसरता. आवाज कुणाचाच नव्हता. रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या वेळा सांगतात तसा. अधिकारी लिहीत गेला, मान हलवत गेला. “छान बोलता तुम्ही,” तो म्हणाला. “खरं सांगतो, सकाळपासून पहिल्यांदाच काही समजतंय.” त्यानं शिक्का उचलला, शाईच्या गादीवर टेकवला, आणि तो हातात तसाच धरून तिच्याकडे वळला. “तुम्ही ओळख देणार. तुम्ही काय करता?”

शिक्षिका आहे, एवढंच म्हणता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. पण शिक्षिका म्हटलं तर तो विचारेल, हिला तुम्हीच पढवलंत का, अशी एक भीती मनात चमकून गेली. आणि त्या भीतीच्या आड, तिला नंतर कबूल करावं लागलं, दुसरंही काहीतरी होतं. “मी टीव्हीसाठी उच्चार शिकवते,” ती म्हणाली. “चार खुर्च्या.”

अधिकाऱ्याचा चेहरा उजळला. “म्हणजे तो पाहुणा?”

“नटानं केलाय. मी नुसतं—”

“अहो, आमच्या घरी दुसरं काही लावत नाहीत. इथं सगळे करून बघतात तो आवाज, पण एकाला जमेल तर शपथ. तुम्ही करा की एकदा. एकदाच.” शिक्का कागदापासून चार बोटं वर होता. तो सहज धरलेला होता, धमकी म्हणून नव्हे. त्या माणसाच्या मनातही तसं काही नसावं. तिनं मावशींकडे पाहिलं नाही. त्या डावीकडे होत्या, आणि तिची डावी बाजू, कानापासून गुडघ्यापर्यंत, शेकत होती. नको म्हणावं, घसा बसलाय म्हणावं, असं दोन-तीनदा मनात आलं. मग ती थांबली. एक श्वासभर. आणि म्हणाली, “मी जरा बसू?”

अधिकारी खुर्चीत मागं रेलून हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पलीकडच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला हाक मारून म्हणाला, “इकडे ये, ऐक, ज्यांनी शिकवला त्याच आल्यात. बाई, याच्यासाठी एकदा.” तिनं पुन्हा केलं. दुसऱ्यांदा जास्त चांगलं झालं, हे तिच्या कानानं तिला सांगितलं. शिक्का कागदावर पडला. अधिकाऱ्यानं रुमालानं डोळे पुसत कागद मावशींपुढं सरकवला. मावशींचे दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवलेले होते. “सही कुठं करायची,” त्या म्हणाल्या. तो प्रश्न होता, पण तोही खाली उतरला होता. कुठला सूर प्रश्नाचा आणि कुठला सांगण्याचा, हे शिकवायचं राहूनच गेलं होतं.

बाहेर पायऱ्यांवर दुपारचं ऊन होतं. रस्त्यापलीकडे एक माणूस दुकानाच्या काचा पुसत होता. दोघी तीन-चार पायऱ्या उतरल्या आणि ती थांबली. न्हाणीघरात म्हणून पाहिलेलं वाक्य आता आठवेना.

“मावशी, तो आवाज तुमचा आहे. मी अभ्यासासाठी म्हटलं होतं ते खोटं होतं.”

“माहीत आहे मला,” मावशी म्हणाल्या.

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून. तो बोलण्याआधी थांबतो ना. ती आजींच्या श्वासाची जागा आहे. ती दुसऱ्या कुणाला कशी ठाऊक असेल.” त्यांनी परवान्याचा कागद पुन्हा घडी घालून पिशवीत ठेवला. “तेव्हा बरं वाटलं होतं. खोलीत आम्ही तिकडच्या पाच जणी राहतो, त्यांना म्हटलं, बघा, हा माझा आवाज. त्यांना पटेचना. म्हणाल्या, काहीतरीच काय, तू कुठं अशी बोलतेस. आपल्याकडचं कुणीच असं बोलत नाही.”

“तुम्ही मला काही बोलला नाहीत.”

“काय बोलायचं, ताई. तुमचं काम होतं ते.”

तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला. मुलगी होती, तिकडून. सकाळपासून वाट बघत असणार. मावशींनी फोन कानाला लावला आणि दोन पायऱ्या खाली जाऊन, तिच्याकडे पाठ करून, बोलायला लागल्या. सहा वर्षांत तिनं त्यांना त्यांच्या भाषेत बोलताना कधी ऐकलं नव्हतं. सासूबाईंच्या खोलीत फोन घ्यायचा नाही, हे ठरलेलंच होतं. एक शब्द कळत नव्हता, पण कळायची गरज नव्हती, तिचा कान आयुष्यभर शब्द सोडूनच ऐकत आला होता. आवाज भरदार होता, घाईचा होता, जरासा दरडावणारा. मध्येच त्या मुलीला तोडून बोलत होत्या. मध्येच हसत होत्या, पोटातून. आणि प्रत्येक वाक्य, एकूण एक, शेवटी धपकन खाली येत होतं, भरलेला हंडा जमिनीवर ठेवावा तसं. काही विचारत असाव्यात तेही तसंच. वर जाणारं एकही वाक्य नव्हतं. ती ऐकत राहिली. वहीतल्या त्या दोन रेघा तिच्या डोळ्यांपुढं आल्या. तिकडच्या बोलीचं लक्षण.

मग तिला तो पहिला दिवस आठवला. विसरली नव्हती ती. आठवायची वेळ कधी आली नव्हती. पहिल्या दिवशी मावशी आल्या होत्या त्या सरळ आत येऊन पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसल्या होत्या, पिशवी मांडीवर घेऊन, आणि मोडक्या भाषेत म्हणाल्या होत्या, आजी, मी आले. मोडकं होतं, पण जमिनीला टेकलेलं होतं. सासूबाईंनी उशीवरून सुनेकडे नुसतं पाहिलं. आणि ती, तिच्या त्या कमावलेल्या, मऊ आवाजात, कुणालाही लागणार नाही इतक्या गोडपणानं, म्हणाली होती, “मावशी, बसायचं असलं ना, की आधी जरा विचारत चला हं. आईंना आवडत नाही.” आईंना आवडत होतं की नव्हतं, हे तिनं त्यांना कधी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मावशी विचारू लागल्या. एवढं विचारलं की बाकीचंही विचारावं लागतं, ऊन आहे का, बस चुकली का, मला मुलगी आहे का. पाच-साडेपाच वर्षं ते तिच्याच घरात, तिच्यादेखत, रोज थोडं थोडं पिकत गेलं. मग तिनं त्याच्यापुढं रेकॉर्डर ठेवला.

फोन संपला. मावशी वळल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मुलीशी बोलतानाचं हसू अजून होतं. दोन पायऱ्या चढून त्या वर आल्या. त्यांची नजर तिच्या चेहऱ्यावर पडली, आणि ते हसू हळूच, दार लोटून घ्यावं तसं मिटलं. त्या थांबल्या. एक श्वासभर.

“मी जाऊ, ताई?”

तीन आठवड्यांची मेहनत कुठल्या कुठं गेली होती. सूर वर गेला आणि वरच राहिला. आता ती काहीही म्हणू शकली असती. असं विचारू नका, म्हणू शकली असती. मी बरोबर येते, म्हणू शकली असती. तिनं तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून तेच आलं जे इतकी वर्षं, संध्याकाळी सातला, सासूबाईंच्या खोलीच्या दारात उभं राहून यायचं.

“हो, या तुम्ही,” ती म्हणाली. आवाज मऊ होता. वाक्य व्यवस्थित, एकेक पायरी उतरत, खाली आलं.